माका कुठला आणि एकदांडी कुठली?

वाचकांचे प्रश्न

गणपतीची पत्री आणि पाठोपाठ येणारा पितृपक्ष, दोन्हीला माका लागतो. त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत माक्याचीच पत्रं जास्त होती, आणि त्यातल्या बहुतेकांत गोंधळ एकच होता: हातात आहे तो माका की एकदांडी? म्हणून या अंकातला सगळा विभाग या दोन वनस्पतींसाठी.

प्रश्न (सांगली): पत्रीत माका म्हणून जी जुडी मिळाली तिला पांढरी फुलं होती, मध्ये पिवळी. सासूबाई म्हणाल्या, हा माका नव्हेच. पत्रीवाल्या मावशी म्हणतात, हाच. पितृपक्षात पुन्हा घ्यायचा आहे, म्हणून विचारते.

उत्तर: सासूबाईंचं बरोबर आहे. मधोमध पिवळं असलेलं ते फूल एकदांडीचं. दगडीपाला आणि कंबरमोडी ही तिचीच नावं.

माका आणि एकदांडी दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची फुलं पाकळीसारखी पसरट आणि मधली नळीसारखी. फरक शोधायचा तो या दोन प्रकारच्या फुलांत.

एकदांडीच्या गुच्छाला कडेची फुलं मोजकीच असतात, बहुधा पाच. ती रुंद, सायीच्या रंगाची, आणि प्रत्येकाच्या टोकाला कातरल्यासारखे तीन दात. मधली फुलं पिवळी. गुच्छ वीतभर लांब, पानं नसलेल्या दांडीच्या टोकावर एकटाच उभा असतो. झाड जमिनीलगत पसरलेलं असलं तरी ही दांडी ताठ वर येते.

माक्याचा गुच्छ लहान, जेमतेम पाऊण सेंटिमीटरचा. कडेची फुलं भरपूर, दोन ओळींत, सुताच्या तुकड्यांइतकी बारीक आणि पांढरी. मधली फुलंही पांढरीच. उमलण्याआधी हिरवट दिसतात. पिवळा रंग कुठेच नाही. दांडी दोन ते चार सेंटिमीटर, पानाच्या बगलेतून निघालेली, कधी एक तर कधी दोन. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर मधलं एक फूल सुईनं सोडवून पाहा: माक्याच्या नळीला टोकाशी चार पाळ्या दिसतात, एकदांडीच्या नळीला पाच.

असं असलं तरी फुलापेक्षा फळावर जास्त भरवसा ठेवा. फूल कोमेजतं, जुडीत चिरडतं. फळाची खूण मात्र सुकल्यावरही टिकते. जुडीत एक तरी जून गुच्छ सापडतोच. माक्याचा जून गुच्छ म्हणजे चपटी हिरवी वाटी आणि तिच्यात दाटीनं बसलेली बी. बोटानं चोळली की दोन-अडीच मिलिमीटरचे खरबरीत दाणे सुटतात, आधी हिरवट, पिकल्यावर काळपट. त्यांना केस नसतात. एकदांडीच्या प्रत्येक दाण्याला पिसासारख्या केसांचा झुपका असतो आणि जून गुच्छ पांढरट गोंड्यासारखा फुलून येतो. फुंकर मारली की म्हातारी उडावी तसं बी उडतं. बी उडालं तर जुडी परत करा.

मावशींना दोष देऊ नका. भाद्रपदात मागणी एकदम वाढते, माका चिखलात उतरून काढावा लागतो आणि एकदांडी रस्त्याकडेलाच मिळते. "नदीकाठचा आणा" असं आठवडाभर आधी सांगून ठेवलंत तर खरा माका मिळायची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न (कोरेगाव): फूल नाही, फळ नाही, नुसता पाला आहे. मग काय पाहायचं?

उत्तर: तीन गोष्टी, या क्रमानं.

पहिली, पानाची कड आणि बूड. दोन्हींची पानं समोरासमोर येतात आणि दोन्ही खरखरीत, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका. माक्याचं पान भाल्याच्या पात्यासारखं लांबट, कडेचे दात इतके उथळ की लांबून कड सरळच वाटते, आणि देठ जवळजवळ नाहीच. पान खोडालाच चिकटल्यासारखं. एकदांडीचं पान रुंद, दात खोल आणि ओबडधोबड, काही पानांना तर बुडाशी दोन बाजूंना खांदे फुटल्यासारखे भाग. देठ लहान असला तरी स्पष्ट दिसतो.

दुसरी, रस. ताजं पान पांढऱ्या कागदावर जोरात घासा. माक्याचा डाग आधी हिरवा उमटतो आणि काही मिनिटांत काळपट होत जातो; तळहातावर चुरडलात तर हातही काळा होतो. एकदांडीचा डाग हिरवाच राहतो. ही चाचणी ताज्या, रसरशीत पाल्यावरच करा. अर्धवट सुकलेल्या पानात रसच कमी असतो, डाग नीट उमटत नाही आणि खरा माकाही खोटा ठरतो. दोन-तीन वेगवेगळ्या फांद्यांची पानं घासून पाहा, कारण जुडीत भेसळ असेल तर एका पानावरून कळणार नाही.

तिसरी, जागा. माक्याला पाय ओले लागतात. कृष्णाकाठ, पाटाची कड, भातखाचराचा बांध, उसाची सरी, विहिरीवरच्या डोणीची सांडपाण्याची जागा, हे त्याचं घर. एकदांडी मूळची अमेरिका खंडातली, आता सगळीकडे पसरलेली, आणि तिला कोरडं चालतं: माळ, मुरमाड बांध, रस्त्याची कड, घराच्या भिंतीची फट. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर उन्हाळ्यात जी पांढरी-पिवळी फुलं दिसतात ती एकदांडीची. तिथं माका हवा असेल तर तलावाच्या किंवा कालव्याच्या काठाला जावं लागेल. जागा ही खूण शेवटी ठेवली आहे, कारण पाटाच्या बांधावर वरच्या कोरड्या अंगाला एकदांडी आणि खाली पाण्याच्या रेषेला माका, असे दोघं हातभर अंतरावर वाढलेले सहज सापडतात.

प्रश्न (वाळवा): आमच्या शेतात माक्याचे दोन प्रकार दिसतात. एक उंच, लांब पानांचा. दुसरा जमिनीला चिकटलेला, लहान पानांचा. औषधी कोणता?

उत्तर: दोन्ही एकच. सावलीत, पाण्यात आणि उसाच्या गर्दीत वाढलेला माका उंच होतो, पानं लांब होतात. उघड्यावर, पायदळी येणाऱ्या जागेत तो पसरतो आणि पान आखूड राहतं. खोड कधी हिरवं, कधी लालसर जांभळं. तेही ऊन-पाण्यावर अवलंबून. रस काळा पडला आणि बी बिनकेसाचं निघालं, की दोन्ही माकाच.

प्रश्न (सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी): एका पुस्तकात माक्याचं नाव एक्लिप्टा अल्बा आहे, दुसऱ्यात एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. नमुन्यावर कोणतं लिहू?

उत्तर: एक्लिप्टा प्रोस्ट्राटा लिहा. लिनिअसनं 1753 मध्ये या वनस्पतीची दोन रूपं दोन जाती म्हणून नोंदवली होती. पुढे ती एकच ठरली आणि प्रोस्ट्राटा हे नाव राहिलं. आयुर्वेदाच्या आणि औषधांच्या लिखाणात अल्बा अजून भरपूर दिसतं. संदर्भ शोधताना दोन्ही नावांनी शोधा. एकदांडीचं नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, तेही 1753 चंच, आणि त्यात बदल झालेला नाही. नमुना दाबताना एक फुललेला आणि एक जून गुच्छ दोन्ही येतील अशी फांदी घ्या. माका ओला असतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस टिपकागद रोज बदला, नाहीतर पानं काळी पडून बुरशी धरते.

प्रश्न (कराड): घरी माक्याचं तेल केलं. रंग हिरवा आला, पण महिन्याभरात खवट वास यायला लागला. माक्याऐवजी एकदांडी पडली असेल का? प्रमाण आणि कृती सांगा.

उत्तर: रंगावरून ते ठरत नाही. हिरवा रंग पानातल्या हरितद्रव्याचा, तो दोन्हीत आहे. खवटपणा बहुधा तेलात राहिलेल्या पाण्यामुळे. नवशिक्यांचं तेल बिघडतं ते नेमकं इथंच, म्हणून कृती सविस्तर देतो.

प्रमाण: तिळाचं तेल 250 मिली, माक्याचा रस 1 लिटर, आणि माक्याचीच वाटलेली चटणी, म्हणजे कल्क, 30 ग्रॅम. रस तेलाच्या चौपट आणि कल्क तेलाचा आठवा हिस्सा. खोबरेल वापरलं तरी प्रमाण हेच. लिटरभर रसासाठी दोन-अडीच किलो ताजा पाला हाताशी ठेवा. पाला जून असेल तर जास्त लागतो.

पाला मुळांसकट उपटला असेल तर मुळं कापा. तीन पाण्यांत धुवा, कारण चिखल खोडाच्या पेरांशी अडकून बसतो. कापडावर पसरून वरचं पाणी सुकू द्या. मग वाटा आणि जाड सुती फडक्यातून पिळा. वाटताना पाणी लागलंच तर पाव वाटीच्या वर नको. जितकं पाणी घालाल तितकं पुढे आटवावं लागेल. रस काढला की लगेच वापरा, रात्रभर ठेवला तर आंबतो. हात काळे होतील, एक-दोन दिवसांत जातात. हातमोजे घातलेले बरे.

भांडं मोठं घ्या, तेल आणि रस मिळून निम्म्याच्या खालीच राहतील असं. आधी तेल मंद आचेवर कोमट करा, खाली उतरवून कल्क घाला, मग रस थोडा थोडा. गरम तेलात रस एकदम ओतला की उसळी मारून अंगावर येतं. पुन्हा मंद आचेवर ठेवा. दोन-तीन तास लागतात. घाई करून आच वाढवली तर खाली कल्क करपतो आणि वर पाणी तसंच राहतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. कल्क तळाला बसू लागला की सतत ढवळा.

उतरवायचं कधी? कल्काचा चिमूटभर भाग काढून बोटांत वळा. वात झाली पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये. ती वात निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर धरा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, पुढे चालू ठेवा. आवाज न करता जळली तर तेल झालं. याच सुमाराला तेलावर बारीक फेस येतो, तीही खूण. वात कडक होऊन चुरा होत असेल तर तेल जास्त शिजलं. ते करपट वासाचं निघतं.

कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून गाळा, कल्क फार जोरानं पिळू नका. बाटली धुतली असेल तर उन्हात पूर्ण वाळलेली हवी. तुमच्या तेलाच्या तळाशी गढूळ थर किंवा पाण्याचे थेंब दिसत असतील तर कारण सापडलं. ते तेल आता पुन्हा तापवून उपयोग नाही, खवटपणा जात नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: माक्याचा रस कातडी आणि कापड काळं करतो म्हणून पिकलेले केस मुळापासून काळे उगवतील, असं होत नाही. गोंदताना रंग गडद व्हावा म्हणून माक्याचा रस वापरत, तो याच डागामुळे. आणि ज्यांना गाजर गवतानं अंगावर खाज-चट्टे येतात त्यांनी दोन्ही वनस्पतींपासून जपावं. गाजर गवतही याच कुळातलं आहे, आणि त्याची अॅलर्जी असलेल्याला कुळातल्या इतरांचाही त्रास होऊ शकतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस पाहा.

प्रश्न (वाई): काष्ठौषधीच्या दुकानात वाळका माका आणि माक्याची पूड दोन्ही मिळतात. खात्री कशी करायची?

उत्तर: पूड नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून वाळका पालाच घ्या आणि घरी दळा. मूठभर पाला कागदावर झटका. खाली पांढऱ्या केसांचे झुपके पडले तर एकदांडी आहे. काळपट, खरबरीत, बिनकेसाचे दाणे पडले तर माका. काहीच पडलं नाही तर दोन-चार काड्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पानं उलगडतात आणि कडेचे दात दिसतात. लांबच लांब, बिनपानाच्या, टोकाला गोंडा असलेल्या काड्या दिसल्या तर भिजवायचीही गरज नाही. प्रयोगशाळेत माक्याची प्रत वेडेलोलॅक्टोन नावाच्या द्रव्यावरून मोजतात. नामांकित उत्पादकाच्या पाकिटावर त्याचा उल्लेख असेल तर ते पाकीट निवडा.

प्रश्न (पलूस): आडसाली उसात माका फार झालाय आणि बांधावर एकदांडी. शेजारी द्राक्षबाग आहे. काय मारू?

उत्तर: शेजारी द्राक्षबाग आहे म्हणता, तेव्हा टू-फोर-डी हे तणनाशक बाजूलाच ठेवा. उसाला ते चालतं म्हणून सर्रास मारतात, पण द्राक्षवेल त्याला फार नाजूक आहे. वाऱ्यानं किंवा वाफेनं गेलेला थोडासा अंशही पुरतो. नवी पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा एकवटतात, फुटवा बिघडतो. ज्या पंपानं ते मारलं तो नीट न धुता बागेत वापरला तरी हेच होतं.

दोन्ही तणांची सवय वेगळी, म्हणून उपायही वेगळा. माक्याचं बी पाण्यावर वाहत येतं आणि उगवायला उजेड लागतो. मातीच्या किंवा पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या, थराखाली गेलं तर उगवत नाही. म्हणून तोडणीनंतर खोडव्यात, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट न जाळता सरीत सारखं पसरा, तीन-चार इंच थर राहील असं. लागणीच्या उसात बाळबांधणीपर्यंत, म्हणजे पहिल्यांदा थोडी माती लावेपर्यंत, दोन खुरपण्या वेळेवर झाल्या आणि मोठ्या बांधणीत माती चढली की माका मागे पडतो. पुढे उसाची सावली उरलेलं काम करते. खुरपलेला माका ओल्या सरीत टाकू नका. त्याच्या पेरांना मुळं फुटतात आणि दोन दिवसांत तुकडा पुन्हा धरतो. उचलून बांधावर कोरड्या जागी टाका. पाटाच्या तोंडाशी तुरीच्या काड्यांची किंवा जाळीची गाळणी लावली तर वाहून येणारं बी बरंच अडतं. ठिबक असेल तर सरी कोरडी राहते आणि माका आपोआप कमी होतो.

एकदांडीचं बी वाऱ्यानं येतं, त्यामुळे तुमचा बांध साफ केला तरी शेजारून येणारच. ती गोंडे फुलण्याआधी कापायची, नंतर कापणं म्हणजे बी पसरवणं. पण बांधावरची सगळी काढू नका. एकदांडी वर्षभर फुलते आणि उन्हाळ्यात बाकी काही फुललेलं नसताना मधमाश्या आणि लहान फुलपाखरं तिच्यावर जगतात. पिकातली काढा, बांधाच्या पलीकडच्या अंगाची राहू द्या.

प्रश्न (आटपाडी): खुरपं लागलं की आम्ही दगडीपाल्याचा रस लावतो. योग्य आहे का?

उत्तर: वरवरच्या खरचटण्यावर, पाला स्वच्छ धुऊन लावला तर हरकत नाही, रक्त थांबायला मदत होते असा शेतकऱ्यांचा जुना वापर आहे. खोल जखमेवर मात्र नको. खुरपं मातीतलं, पाला मातीतला, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, स्वच्छ फडकं दाबून धरा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

प्रश्न (जत): काविळीवर माक्याचा रस किती द्यावा?

उत्तर: पत्रावरून मात्रा सांगणार नाही. कावीळ हा आजार नसून लक्षण आहे. विषाणू, पित्ताचा खडा, दारू, औषधांचा दुष्परिणाम, कारणं अनेक आणि उपचार वेगवेगळे. आधी रक्ततपासणी करून कारण ठरवा, मग वैद्य किंवा डॉक्टर सांगतील तसं. गटारालगतचा किंवा फवारलेल्या शेतातला माका तर कोणत्याच कारणासाठी पोटात घेऊ नका.

प्रश्न (मिरज): रस्त्याच्या दुभाजकात पिवळ्या फुलांचा, चकचकीत पानांचा वेल असतो. त्याला कोणी पिवळा माका म्हणतात. तो वापरायचा का?

उत्तर: नाही. ती वेडेलिया नावानं रोपवाटिकेत मिळणारी शोभेची वनस्पती, मूळची अमेरिका खंडातली. पान जाडसर, चकचकीत आणि तीन भागांत विभागलेलं. पिवळा माका म्हणून ग्रंथांत येणारी वनस्पती तिची जवळची नातलग, पण तिची पानं बहुधा अखंड असतात. दुभाजकातली वेडेलिया ओढ्याकाठी फेकू नका; पेरापेराला मुळं धरून ती बाकी सगळं झाकून टाकते.

प्रश्न (फलटण): गच्चीत कुंडीत माका लावता येईल का, म्हणजे दर भाद्रपदात शोधायला नको?

उत्तर: अगदी सहज. वैशाखाच्या शेवटी किंवा पहिल्या पावसात खऱ्या माक्याची बोटभर लांबीची, तीन-चार पेरं असलेली छाटं आणा. पसरट कुंडी घ्या, दहा-बारा इंच रुंद आणि सहा इंच खोल पुरे. निम्मी काळी माती, निम्मं शेणखत. दोन पेरं मातीत जातील असं आडवं लावा, आणि कुंडीखाली पाण्याची बशी ठेवा. माक्याला ती ओल मानवते. बी टाकायचं असेल तर मातीत पुरू नका, वर भुरभुरून हातानं दाबा आणि झाकण न घालता उजेडात ठेवा. चांगलं ऊन-पाणी मिळालं तर दीड-दोन महिन्यांत फुलावर येतो. जुडी काढताना मुळापासून उपटू नका, जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो. शेजारच्या कुंड्यांत बी पडून उगवेल; तेवढं दर पंधरवड्याला उपटत राहा.